पाण्यावरची भाकरी

"एकटीची टीम चालत नाही गं," स्वप्ना मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. "नियम आहे. कमीत कमी दोघं हवेत."

दर्शना भोईर नोंदणीच्या टेबलासमोरून हलली नाही. कल्याणच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये विद्यापीठाच्या नवउद्योग स्पर्धेची पहिली फेरी होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं आपापली यंत्रं, वायरी आणि घामेजलेले चेहरे घेऊन रांगेत उभी होती. दर्शनाची जोडीदारीण करिश्मा मात्र आदल्याच दिवशी नोकरीचं पत्र मिळालं म्हणून पुण्याला पसार झाली होती. मागे ठेवून गेली होती मेसेजमध्ये एक "सॉरी यार" आणि तीन रडके चेहरे.

"मॅडम, करिश्माचं नाव राहू द्या ना. ती मनाने माझ्यासोबतच आहे."

"मनाने येणाऱ्यांना ओळखपत्र मिळत नाही. प्रोजेक्ट काय तुझा?"

"भाकरी थापायचं मशीन."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर, आणि मग दर्शनाच्या खांद्यावरून मागे हाक मारली, "ओ भाकरीवाले! इकडे या जरा."

भिंतीला टेकून उभा असलेला एक उंच, किडकिडीत मुलगा पुढे आला. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, कानावर पेन्सिल आणि शर्टाच्या बाहीला चिमूटभर पीठ.

"हा ऋतुराज शेलार, डोंबिवलीचा. ह्याचाही जोडीदार पळालाय आणि ह्याचंही भाकरीचंच मशीन आहे," मॅडम म्हणाल्या. "देवाने तुमची सोय लावलेली दिसतेय. दोघं मिळून एक टीम करा, नाहीतर दोघंही घरी जा. पाच मिनिटं देते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे आधी त्याने तिच्या फाइलकडे पाहिलं, तिने त्याच्या चादरीकडे पाहिलं, आणि मग नाइलाज झाल्यासारखे डोळे वर आले.

"तुझी कशाची?" त्याने विचारलं.

"तांदळाची. भाकरी आणि कशाची असते?"

"ज्वारीची," तो शांतपणे म्हणाला. "तांदळाची म्हणजे पापडाची मोठी बहीण."

"आणि ज्वारीची म्हणजे पुठ्ठा!"

"पुठ्ठा? माझ्या आईच्या हातची खाल्लीयेस कधी?"

"माझ्या आईच्या हातची तू खाल्लीयेस?"

"चार मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

ऋतुराजने चादर सोडली. आत एक गोल फिरणारी थाळी होती आणि तिच्यावर टपटप थाप देणारा लाकडी पंजा. पंजा इतका गुळगुळीत घासलेला होता की दर्शनाचा हात नकळत पुढे गेला. तिच्या फाइलमध्ये नुसती चित्रं होती, आकडे होते, आणि लोखंडाचा एक तुकडाही नव्हता. त्याच्याकडे मशीन होतं पण बोलायची बोंब होती. परीक्षकांपुढे तोंड उघडलं की त्याची तंतरायची, असं त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"मी बोलते," दर्शना म्हणाली. "पण मशीन तांदळाची भाकरी करणार."

"आणि ज्वारीची?"

"ती पण. तुझ्या समाधानासाठी."

तो हसला. हसताना त्याच्या कानावरची पेन्सिल पडली आणि ती उचलायला दोघंही एकदमच वाकली... डोकी आपटली ती चांगली जोरात. स्वप्ना मॅडमनी एकाच ओळीत दोन नावं लिहिली.

*

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ऋतुराजच्या उत्तममामाचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. पहिली फेरी पार झाल्यावर कॉलेज सुटलं की दोघं तिथे भेटायची. शेजारच्या कंपनीतून रोज वेगळा वास यायचा. सोमवारी सडक्या अंड्यांचा, बुधवारी कसल्याशा गोड औषधाचा. ऋतुराजला ते वास वारासकट पाठ होते. खडवलीहून येणारी दर्शना मात्र नाकाला ओढणी लावूनच आत शिरायची.

"तुमच्याकडे कसला वास असतो?" त्याने एकदा विचारलं.

"आमच्याकडे? सकाळी नदीचा. दुपारी सुक्या बोंबलाचा."

"मग तू मला नावं ठेवतेस?"

भांडण लागलं ते मात्र वासावरून नाही, पिठावरून. ऋतुराजचं घराणं साताऱ्याकडचं. त्याची आई, मालनताई, स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र चालवायची आणि दिवसाला दीडशे भाकऱ्या थापायची. ज्वारीची भाकरी थापायची तर परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, ही त्याच्या घरची रीत. म्हणून मशीनलाही त्याने पीठ भुरभुरणारी चाळण बसवली होती. भाकरी ती भाकरी, त्यात काय एवढं, असा त्याचा सरळ हिशेब. दर्शनाने उकड काढून तांदळाचं पीठ मळून आणलं आणि पंज्याखाली गोळा ठेवला. पंजा टपटपला, चाळण भुरभुरली आणि भाकरीला अशा भेगा पडल्या की तिच्यात भातशेतीचे बांधच्या बांध दिसायला लागले.

"पाणी पाहिजे," ती म्हणाली. "आमची भाकरी पाण्यावरची असते. हाताला पाणी लावून थापायची. कोरडं पीठ लागलं की मेली."

"पाण्याने मशीन गंजेल."

"पिठाने भाकरी मरेल."

तीन दिवस दोघांनी एकमेकांचं ऐकलं नाही. चौथ्या दिवशी दर्शना आली तर चाळण काढलेली, आणि पंज्याच्या वर सलाइनची नळी टांगलेली. थेंब... थेंब... थेंब. मेडिकलच्या दुकानातून त्याने ती मागून आणली होती.

"अरे देवा," तिने तोंडावर हात ठेवला. "माझी भाकरी आयसीयूत ठेवलीस तू!"

"वाचेल ती," तो गंभीरपणे म्हणाला. "नातेवाइकांनी धीर धरावा."

ती इतकी हसली की उत्तममामा वेल्डिंग थांबवून डोकावून गेले. मग ती गोळे करायला बसली तेव्हा तिचे दोन्ही हात पिठाने भरलेले होते आणि कपाळावरची बट डोळ्यांत येत होती. ऋतुराजने हात पुढे केला, मग तसाच थांबवला. कानावरची पेन्सिल काढली आणि पेन्सिलीच्या टोकाने ती बट हलकेच बाजूला सारली. बोट लागलं नाही की काही नाही. तरी त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत दर्शनाला कपाळावर ती पेन्सिल जाणवत राहिली. आपल्याला हा मुलगा आवडायला लागलाय, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं. उगीच किती दिवस नाही नाही म्हणणार?

पण मशीन तिला हवं होतं ते स्पर्धेसाठी नव्हतं, आणि ऋतुराजसाठी तर नव्हतंच. ते हवं होतं तिच्या आईसाठी.

खडवलीच्या आजूबाजूच्या गावांत कुणाचीही हळद असो, भाकऱ्यांच्या घोळक्यात लक्ष्मी भोईर मधोमध बसलेली असायचीच. आगऱ्यांच्या हळदीला पाचशे-सहाशे भाकऱ्या सहज लागतात, आणि त्या गावातल्या बायका जमून करतात. कुणी बोलवायचं नसतं, कुणी मोजायचं नसतं. लक्ष्मी बसली की पीठ पुरतं, असं म्हातारे लोक म्हणायचे. पण दोन वर्षांपासून लक्ष्मीचा उजवा खांदा धरला होता. हळदीनंतर दोन-दोन दिवस हात वर जायचा नाही. केस विंचरायलासुद्धा नाही. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी दर्शना आईचा अंबाडा घालून द्यायची. लक्ष्मी मुकाट्याने पुढ्यात बसायची, आणि त्या मुकेपणातच दर्शनाने मशीनचं पहिलं चित्र काढलं होतं.

*

दुसऱ्या फेरीत त्यांचं मशीन चाललं. दर्शना अस्खलित बोलली, पंजा टपटपला, नळी थेंबली, आणि भाकरी भेगांशिवाय बाहेर आली. शेवटच्या स्लाइडपाशी मात्र तिचा घसा बसला, म्हणून ती एक ओळ ऋतुराजने वाचली. सगळं धाडस गोळा करून, मोठ्याने, "बारा बायकांचं काम, आता एक मशीन करणार!"

टाळ्या पडल्या. ऋतुराजच्या तोंडून एक आख्खं वाक्य न अडखळता निघालं म्हणून दर्शनाने तर सगळ्यात जोरात वाजवल्या. ते अंतिम फेरीत पोचले होते. अंतिम फेरीतल्या पहिल्या दोन टीमना विद्यापीठाच्या उद्योग केंद्राचं वर्कशॉप वर्षभर वापरायला मिळणार होतं, म्हणजे मशीन खरोखर बनणार होतं.

त्या वाक्याची क्लिप चुलतभाऊ दिपेशने मोठ्या अभिमानाने गावच्या ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना फणी घेऊन आईच्या मागे बसली, तर लक्ष्मीने फणी तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. तुलसा घालंल."

"का गं आये? काय झालं?"

"काय नाय." लक्ष्मी उठली. दारापाशी गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "बारा बायकांचं काम मशीन करनार ना? मंग बारा बायका काय करनार ता पन सांगाचा व्हता. घरात बसून मोबाइल बगू का आमी? माजं हात नको झालं तुना, त सरल बोलाचा."

शेजारच्या अंगणात तुळसाकाकी आईचे केस विंचरत होती, आणि ते कुंपणापलीकडून बघत राहण्यापलीकडे तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

तिने सगळा राग ऋतुराजवर काढला. फोनवर. "तू असं कसं बोललास?"

"स्लाइड आपण दोघांनी बनवलेली, दर्शना."

"पण बोललास तू!"

"हो. बोललो मी. सॉरी. मी येऊन सांगू का त्यांना..."

"काही नको. मशीन तुझं तू घेऊन जा. मी फायनलला येत नाही."

तिने फोन ठेवला. स्लाइडवरचं ते वाक्य तिनेच टाइप केलं होतं. हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं. हेच जास्त टोचत होतं.

*

रविवारी दिपेशची हळद होती. सकाळी सात वाजताच मांडवात तीन चुली पेटल्या. बायका गोल करून बसल्या होत्या, मध्ये परात, बाजूला पाण्याची तांब्याभांडी. हवेत बोचरी थंडी होती आणि चुलींचा धूर अंगणभर रेंगाळत होता. दर्शना पाण्याचा हंडा घेऊन वळली आणि तिथेच थबकली. फाटकाशी ऋतुराज उभा होता. भांडणाआधी तिनेच त्याला हळदीला बोलावून ठेवलं होतं. हातात ना मशीन, ना चादर. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा.

तो तिच्याकडे आला नाही. सरळ बायकांच्या घोळक्यापाशी गेला आणि लक्ष्मीसमोर उकिडवा बसला.

"मावशी, ते क्लिपमधलं मी बोललेलो. मला भाकरीतलं काहीच कळत नाही, आणि तरी मी मशीन बनवत होतो. मला शिकवाल?"

घोळक्यातले थापणारे हात थांबले. लक्ष्मीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पिठाचा एक गोळा तोडून त्याच्यासमोर ठेवला.

"हात धू. आनि पिठी नको मागू."

तुळसाकाकीला तर मेजवानीच मिळाली. "पोर्या, इकरं सरक. मांडी घाल. असं नाय रं, तलहातावं घे. पानी लाव, पानी! बोटा मिटू नको, तुजी काय मिटिंग हाय काय?"

पहिली भाकरी त्याच्या हातातच दुभंगली. दुसरी तव्यावर पोचली, पण तिचा आकार बघून बायका ओरडल्या, "आरं, ह्यो त खडवलीचा नकाशा!" सातवी गोल झाली. अकरावीला त्याने बोटं भाजून घेतली. बाविसाव्या भाकरीला सगळं जमलं होतं, तरी ती तव्यावर नुसती पडून राहिली, फुगायचं काही नाव घेईना. शेजारी लक्ष्मीच्या भाकऱ्या मात्र टम्म फुगून उतरत होत्या.

"फुगत का नाही?" तो हताश होऊन म्हणाला.

"फुगंल," तुळसाकाकी डोळे बारीक करून म्हणाली. "ज्या दिशी तुजी भाकर फुगंल ना, त्या दिशी ये आमची पोर मागाला!"

अख्खा मांडव हसला. दर्शना हंडा घेऊन आत पळाली, आणि पळता पळता अर्धं पाणी स्वतःच्याच पायांवर सांडलं. ऋतुराजने मान खाली घातली होती खरी, पण त्याचे कान लालबुंद झालेले तिने दाराआडून नीट पाहून घेतले.

मग उकडीचं नवं पातेलं आलं. वाफाळतं, दोन माणसांनी धरून आणलेलं. लक्ष्मी उठून गुडघ्यांवर बसली आणि मळायला लागली. उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की भाकरीला भेगा पडतात. ती तळहाताच्या टाचेने सगळं अंग टाकून पीठ रेटत होती. आत्तापर्यंत घोळक्यातलं प्रत्येक गाणं तिने उचललं होतं, आता मात्र तिचा आवाज बंद झाला. ओठ आवळले गेले. कपाळावर त्या थंडीतही घाम आला.

ऋतुराज बघत होता. मग हळूच म्हणाला, "मावशी... तुमचा खांदा दुखतो तो कधी? थापताना, का मळताना?"

"थापताना कशाला दुखंल?" लक्ष्मीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "थापताना त आमी बसताव, बोलताव, गानी गाताव. पोरीबालींची सुखदुखा तवाच कलतान. जीव जातो त्यो मलताना. पन ता कोन बगतो? समद्यांना थापनंच दिसतं."

दर्शना दारातच उभी होती. दोन वर्षं तिने आईचे केस विंचरले होते. चित्रं काढली होती, आकडे मांडले होते, दोन फेऱ्या जिंकल्या होत्या. आणि हा एवढा साधा प्रश्न तिने आईला एकदाही विचारला नव्हता. ती पुढे आली, आईच्या शेजारी बसली आणि परातीत हात घातला. उकडीचा चटका बसला तसे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आये, चुकलं माझं," ती म्हणाली.

"मल आता," लक्ष्मी म्हणाली. "रडू नको, पिठात मीठ जास्त व्हईल."

*

अंतिम फेरीला बारा दिवस उरले होते. हळदीच्या दुसऱ्या दिवशी दर्शना शेडमध्ये पोचली तेव्हा ऋतुराज पाना घेऊन मशीनचे नट सोडवत होता. थाळी काढलेली, नळी गुंडाळून ठेवलेली. लाकडी पंजा बाकावर एकटा पडला होता.

"अरे, हे काय करतोयस? दोन वर्षं लागलीयत तुला ह्याला!"

"मोटर लागेल आपल्याला. मळायच्या मशीनला." त्याने मान वर केली नाही. "रात्री घरी गेलो ना, तेव्हा आईला विचारलं, तुझं काय दुखतं. म्हटलं, मनगट म्हणेल. तर म्हणाली, पाय. तव्यापुढे आठ तास उभी असते ती. मनगटाचं काहीच नाही." तो कसनुसा हसला. "म्हणाली, मशीन करायला लागल्यापासून आज पहिल्यांदा विचारलंस लेकरा."

दर्शना बाकावर बसली. पंजा उचलून तिने मांडीवर घेतला. गुळगुळीत, अजून पिठाचा वास असलेला. हा मुलगा आपलं दोन वर्षांचं काम असं उलगडून ठेवतोय आणि त्याची बातमीसुद्धा करत नाहीये, हे पाहून तिने तो पंजा घट्ट धरला.

"हा मी ठेवू?" तिने विचारलं.

"काय करणार त्याचं?"

"बघेन. कुणी आगाऊपणा केला तर पाठीत घालायला."

मग दोघं झपाटल्यासारखी कामाला लागली. गव्हाची कणीक मळायची मशिनं बाजारात होती, पण त्यांत उकड गार व्हायची, आणि मांडवात ती चालवायला हवी तेवढी वीज कुठून आणायची? त्यांनी उलटा विचार केला. पातेलं चुलीवरून उतरवून जसंच्या तसं चौकटीत बसवायचं, आणि वरून हळू फिरणारा हात आत सोडायचा. मोटर रिक्षाच्या बॅटरीवर चालायची. लक्ष्मी एकदा शेडमध्ये येऊन गेली, नाकाला पदर लावून. तो हात फिरताना पाहून म्हणाली, "घाई करतो ह्यो. उकड दाबाची असते, फिरवाची नसते." ऋतुराजने पेन्सिलीने ते भिंतीवरच लिहून घेतलं.

आठव्या दिवशी पलीकडच्या गावात एक हळद होती. तिथे मशीन पहिल्यांदा मांडवात बसलं. चार पातेली मळली. घोळका तसाच बसला, तशीच गाणी झाली, तुळसाकाकीचं तोंडही तसंच चाललं. लक्ष्मीने त्या दिवशी एकही गाणं अर्धं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना फणी घेऊन ओटीवर आली, तर लक्ष्मी आरशासमोर उभी होती. अंबाडा घातलेला. वाकडा, एका बाजूला कललेला, चार केस सुटलेले. पण स्वतःच्या हातांनी घातलेला.

"बग, वाकरा झालाय ना?" लक्ष्मी आरशातून म्हणाली.

"नाही गं आये," दर्शना म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.

*

अंतिम फेरी ठाण्याला होती. मोठा गार हॉल, गुबगुबीत खुर्च्या, तीन परीक्षक. तिसऱ्या रांगेत लक्ष्मी नवी साडी नेसून बसली होती, आणि शेजारी मालनताई. भेटून दहा मिनिटं झाली नव्हती तर दोघींचं ज्वारी की तांदूळ सुरूही झालं होतं.

दर्शना बोलली. आधी काय चुकलं तेही तिने सांगितलं, ती जुनी स्लाइडसुद्धा दाखवली, आणि तिसऱ्या रांगेतल्या आईकडे बोटही दाखवलं. मधल्या परीक्षकांच्या कपाळावर आठी आली.

"थापायचं मशीन तयार होतं, ते तुम्ही काढून टाकलंत? तिथेच तर माणसं वाचत होती."

दर्शनाने ऋतुराजकडे पाहिलं. आणि तोंड उघडायची बोंब असलेला तो मुलगा पुढे झाला.

"सर, आम्हाला माणसं वाचवायची नव्हती. खांदा वाचवायचा होता."

परीक्षकांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहून विचारलं, "मावशी, तुम्हाला पटलं का हे मशीन?"

लक्ष्मी उभी राहिली. एवढ्या लोकांत बोलायची तिची पहिलीच वेळ. "पयलं नाय पटलं. मना न इचारता बनवलं व्हतं ना. आता इचारून बनवलंय," ती म्हणाली, आणि बसली.

त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर गटारातला कचरा उचलणाऱ्या रोबोला मिळाला, आणि दर्शनाने त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या. वर्कशॉप मिळालं होतं. लक्ष्मी आणि मालनताई एकमेकींना आपापल्या घरी जेवायला बोलावत रिक्षात बसल्या.

ही दोघं तलावपाळीवर आली. ऊन कललं होतं, तलावात बोटी फिरत होत्या. कठड्यावर बसल्यावर ऋतुराजने बॅगेतून स्टीलचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"काय आहे?"

"उघड तर."

आत एक तांदळाची भाकरी होती. एकच. पांढरीशुभ्र, जवळजवळ गोल, एका कडेला थोडी करपलेली. दर्शना तिच्याकडे बघत राहिली. मांडवातला सगळा हशा तिला एकदम आठवला.

"सकाळी... फुगली होती," तो तलावाकडे बघत म्हणाला. "टम्म. दिपेशच्या हळदीपासून रोज पहाटे करून बघत होतो, आईच्या केंद्रात. आज फुगली. आता बसलीय, पण खरंच... आईची शपथ."

"सगळे असंच म्हणतात."

"अगं खरंच! फोटो काढेपर्यंत बसली ती."

"थांब," दर्शना म्हणाली.

तिने भाकरी तळहातावर घेतली. कडेला नखाने हलकेच उचकटलं आणि बोट आत सरकवलं. भाकरी फुगून गेलेली असेल तर तिचा वरचा पापुद्रा आपोआप वेगळा होतो. फुगली नसेल तर कितीही ओढा, तुकडेच हातात येतात. हे तिला आईने शिकवलं होतं, तिच्या आईला तिच्या आईने. ऋतुराज श्वास रोखून बघत होता. ह्या परीक्षेची त्याला कल्पनाच नव्हती.

बोट आत गेलं. आणखी आत गेलं. पापुद्रा अलगद सुटत गेला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही न फाटता.

"फुगली होती," ती पुटपुटली.

"मग...?" त्याने विचारलं. कानावरची पेन्सिल काढून त्याने हातात धरली, मग पुन्हा कानावर ठेवली. "दर्शना, मला तू... म्हणजे पहिल्या दिवसापासून, ते डोकं आपटलं ना, तेव्हापासूनच..."

"माहितीये," ती म्हणाली. "मला पेन्सिलीपासून."

तिने पापुद्र्याचा एक तुकडा तोडून त्याला दिला, एक स्वतः खाल्ला. मीठ कमी होतं. ते तिने सांगितलं नाही.

"पण एक सांगून ठेवते," ती घास गिळून म्हणाली. "आमच्याकडे हळदीला एका भाकरीने भागत नाही."

"किती लागतात?"

"सहाशे."

ऋतुराजने क्षणभर विचार केला. मग आपला हात तिच्या हातावर ठेवला, ह्या वेळी पेन्सिलीशिवाय.

"मळायला मशीन आहे," तो म्हणाला. "थापायला मी बसतो."